दातावरचा तांदूळ

हां, हाच तो. वरचा पुढचा, उजवीकडचा, खालच्या कडेपासून जरासा वर— तांदळाचा दाणा. अगदी बरोबर सांगितलं होतं तिनं. नाही नाही, तोंड मिटू नका रेडिओसाहेब, ओठ बाजूला धरायला ही प्लॅस्टिकची कड बसवलीये ना, ती निसटेल. मान थोडी माझ्याकडे— बास. दुखलं तर डावा हात वर करायचा, एवढंच लक्षात ठेवा. अजून मी काही करतच नाहीये, नुसता बघतोय, पण काही लोक नुसतं बघितलं तरी हात वर करतात. तुम्ही त्यातले नाही वाटत. तुम्ही धीराचे. ही म्हणतेच— आवाजावरून सगळे त्यांना रेडिओ म्हणतात, पण रेडिओ म्हणजे काय, वीज गेली तरी त्यांचं वाचन थांबत नाही, अर्धं पाठच आहे त्यांना.

भुवया वर केल्यात— कोणी सांगितलं म्हणून? आमच्या हिनंच की. जेवताना. मी आपला खाली मान घालून जेवत होतो, तर ही एकदम म्हणते, "अहो, त्या रेडिओंच्या दातावर एक पांढरा ठिपका आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. हसले की इतका गोड दिसतो!" आता मला सांगा— म्हणजे तुम्ही कसे सांगणार, तोंडात माझा आरसा आहे— तरी पण सांगा, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका दिसायला माणसानं किती जवळ असावं लागतं? मी जन्म घालवला या कामात. दिवा, आरसा, भिंग, सगळं घेऊन वीतभर अंतरावर बसतो तेव्हा कुठे दिसतो. मी विचारलंही, फार सहज विचारलं, भाजी पुढे ओढत, की एवढा बारीक तुला कुठून दिसला? तर म्हणाली, "एकाच पुस्तकात दोघं बघून वाचतो ना आम्ही, प्रती कमी आहेत." प्रती कमी आहेत! वाचनालयाच्या माडीवर सगळी निवृत्त मंडळी जमून नाटकं वाचणार, आणि प्रती कमी. मी म्हटलं, मी आणून देतो, प्रत्येकाला एकेक, माझ्यातर्फे भेट. तर म्हणे, "ते पुस्तक आता छापलंच जात नाही." घ्या. न छापली जाणारीच पुस्तकं कशी सापडतात तुम्हाला, काही कळत नाही.

असो. तर हा तांदूळ. हा तुम्ही लहानपणी आपटलात त्याचा. झोपाळ्यावरून पडलात का? पायऱ्यांवरून? हो असेल तर पापणी मिटा— पायऱ्या. बघा. पुढचा दुधाचा दात दणका बसून आत घुसतो, आणि आतमध्ये त्याच्यामागे पक्क्या दाताचं कवच घडत असतं, त्याला धक्का लागतो. तेवढ्याच जागी क्षार नीट भरत नाहीत. पुढे काही वर्षांनी दात बाहेर येतो तो हा ठिपका घेऊनच. एकाच दातावर, कडा स्वच्छ, शेजारच्या दाताला काही नाही— म्हणजे मार. बहुतेक मार. अगदी खात्रीनं नाही सांगता येत, दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला असेल तरी असं होतं. मी "बहुतेक" फार म्हणतो. कॉलेजात पोरं मला "बहुतेक सर" म्हणायची, मागून. मागून म्हणजे बहुतेक मागून. एवढ्या पदव्या घेतल्या, अर्धं आयुष्य दाताच्या वरच्या पातळ कवचावर शिकवलं, आणि एक वाक्य ठामपणे बोलता येत नाही. तुमचं बरं आहे. तुम्ही नुसतं "नमस्कार" म्हणालात तरी लोकांना वाटतं, खरंच असणार.

दात चांगले आहेत हो तुमचे. मला वाटलं होतं, वाईट असतील. म्हणजे वाटलं होतं म्हणजे— या वयात असतात. सगळे जागेवर, हिरडी घट्ट, एक दाढ तेवढी भरलेली. माझे पुढचे चार खोटे आहेत, माहीत आहे? रात्री वाटीत काढून ठेवतो. दंतवैद्याचे दात आणि शिंप्याचा सदरा, कधी बघू नये. ही तुमच्याशी बोलली असेल त्याबद्दल. नाही? नक्की? बरं.

हात हलतोय का माझा? हलतो, खोटं कशाला बोलू. म्हणून तर सूनबाईनं मला दात कोरायचं फिरतं यंत्र बंद केलंय. दवाखाना आता तिचा. पाटीवर माझंही नाव आहे, पण खाली, बारीक. "बाबा, तुम्ही सफाई करा, वार्निश लावा, आणि पेशंटशी गप्पा मारा." गप्पा मारा! म्हणजे म्हाताऱ्याला दारात खुर्ची टाकून बसवतात तसं. पण हा हात हवेतच हलतो बरं का, दाताला टेकला की थांबतो. हे बघा, टेकवला. थांबला की नाही? म्हणून तर हिला म्हटलं, घेऊन ये तुझ्या रेडिओंना, फुकट सफाई करून देतो. ती इतकी खूश झाली! चप्पल घालून तयारच. आता बाहेर बसलीये, मासिक चाळत. माझ्या तपासणीला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटा जातो.

हिचे डाग बघितलेत तुम्ही? बघितले असतीलच, एका पुस्तकात वाचता म्हणजे. हिचे तुमच्यासारखे नाहीत, हिचे पाण्याचे. हिच्या माहेरी विहीर खोल, त्या पाण्यात फ्लोराइड जास्त. मूल लहान असताना, दात आत घडत असतानाच पोटात गेलं की कवचावर पांढऱ्या रेघा, ढग— आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखे, आरशात धरल्यासारखे. एकदा दात बाहेर आला की मग ते पाणी प्यालात तरी नवीन डाग पडत नाहीत. यावर माझा प्रबंध आहे. त्यातच तर ही भेटली मला. मुलींच्या वसतिगृहात तपासणी होती. मुली रांगेत, मी खिडकीपाशी उजेडाला, मागे माझे विद्यार्थी. ही पुढे आली, मी ओठ उचलला, हवेचा झोत मारला, आणि— काय सांगू साहेब, पुस्तकात असतं तसं चित्र! सायीसारखे पट्टे, डावीकडे तसे उजवीकडे. मी ओरडलोच, "या, या, सगळे इकडे या, असा नमुना परत मिळायचा नाही!" सगळे वाकून वाकून बघतायत, मागच्या मुली माना उंचावतायत, आणि मी समजावून सांगतोय, कुठली रेघ कुठल्या वयातली. वर्षाच्या आत लग्न झालं आमचं. लोक विचारतात, प्रेमविवाह का? मी म्हणतो, नाही हो, प्रबंधविवाह. हाहा. ही नाही हसत या विनोदाला. पूर्वीही नाही हसायची.

हसली तरी हात तोंडावर. मी ओळखतो तेव्हापासून तसंच. तळहात असा आडवा, पडदा टाकल्यासारखा. लहानपणची सवय असणार. हिची थोरली बहीण म्हणते, "छे हो भावोजी, आमच्याकडे तर हिच्या हसण्यानं मांडणीवरची भांडी पडायची," पण थोरल्या बहिणींचं काय ऐकायचं. आणि मी काय कमी म्हटलं तिला? प्रत्येक वेळी नवीन काही निघालं की आधी हिला. पहिल्यांदा ते घासून वरचा पातळ थर काढायचं निघालं. मग उरलेला दातच पांढरा करायचा, म्हणजे डाग त्यात मिसळून जातो. मग वरून पापुद्रा चिकटवायचा. मग ही राळ आली— ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे, ऐका. डाग पांढरा का दिसतो? तिथं रंग नसतोच काही. तिथलं कवच सच्छिद्र असतं, स्पंजासारखं, आणि त्या बारीक भोकांत हवा जाते, म्हणून उजेड विस्कटतो. मग अ‍ॅसिडनं वरचं तोंड उघडायचं, वाळवायचं, आणि पातळ राळ आत मुरू द्यायची. दिवा दाखवला की घट्ट. भोकं भरली, डाग गेला. ना भूल, ना कोरणं. मी हिला म्हटलं, चल, वाढदिवसाला करून टाकू. दुसऱ्यांच्या बायका बांगड्या मागतात. ही म्हणाली, "असू दे. मला काही नको." आणि तुमचा डाग मात्र गोड!

थांबा. हे काय आहे? जरा गाल— हवा मारतो हं, गार लागेल. परत एकदा. हं. खाली, डावीकडच्या दाढा, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारखी रेघ. ओली असताना दिसत नव्हती, वाळवली तशी उठली. चमक नाही हिला, मळकट पांढरी. ही लहानपणची नाही साहेब, ही ताजी आहे, ही कीड लागायची पहिली पायरी. आणि उजवीकडे काहीच नाही. म्हणजे तुम्ही काहीतरी गोड चघळता. चघळता म्हणजे चोखता, आणि तेही डाव्या गालात ठेवून. मान हलवू नका, माणूस नाही म्हणेल, दाढ कशी नाही म्हणेल? काय चोखता— खडीसाखर? नाही. घशासाठी? गोळी? पेपरमिंट.

पेपरमिंट.

हिच्या पिशवीत पेपरमिंटची डबी असते. मी बघितली. म्हणजे मी घराची किल्ली शोधत होतो. किल्ली माझ्याच खिशात होती, ती गोष्ट वेगळी. आमच्या घरात आजवर गोळी आलेली नाही, दंतवैद्याचं घर आहे ते. नातवंडांना मी गाजराचे तुकडे देतो, म्हणून ती सुट्टीत दुसऱ्या आजोबांकडे जातात. आणि ही पिशवीत पेपरमिंट घेऊन हिंडते! मला वाटलं होतं, चोरून खात असेल बिचारी. मला दया आली होती हो. तीच देते ना तुम्हाला? पापणी मिटा. मिटली. एका बैठकीत किती? बोटांनी दाखवा— दुसरा हात कशाला वर करताय? अरे देवा!

"त्यांचा घसा बसतो हो," असं म्हणत असेल. मी वर्गात ओरडून ओरडून घसा फोडला तेव्हा मला मिठाच्या गुळण्या. मीच सांगितल्या होत्या म्हणा, गोळीपेक्षा बऱ्या म्हणून. पण एकदा तरी हट्टानं गोळी पुढे करावी की नाही माणसानं? आणि तोंडात टाकायला हातावर ठेवते की डबीच पुढे करते? नाही, राहू द्या. त्यानं दाताला काही फरक पडत नाही.

घाबरू नका, ही रेघ परत फिरवता येते. अजून भोक पडलेलं नाही, नुसते क्षार निघून गेलेत. गोळी बंद— संपूर्ण बंद, बिनसाखरेची सुद्धा नको, म्हणजे बिनसाखरेची चालते खरं म्हणजे, पण नको. दोनदा घासायचं, हिरडीच्या कडेशी जरा थांबून. पेस्ट थुंकायची, पण मग चुळा भरभरून तोंड धुवायचं नाही, थोडं फ्लोराइड राहू द्यायचं. वरून मी फ्लोराइडचं वार्निश लावतो. उरलेलं काम तुमची लाळ करते, हळूहळू क्षार परत आणून भरते. पांढरेपणा थोडा राहील कदाचित, पण दात टणक होईल.

आणि आलाच आहात तर— वरचा तांदूळही काढून टाकू का? फुकट. सूनबाई बाहेर गेलीये, सामान त्या कपाटात आहे. यात फिरतं यंत्र लागत नाही, म्हणजे मला मनाई नाही. बहुतेक नाही. पडल्याचा डाग कधी कधी खोल असतो, पुरता जात नाही, पण फिका नक्की होईल. वीतभरावरून दिसायचा नाही. बोटभरावरूनही दिसायचा नाही. हे बघा अ‍ॅसिड, ही निळी नळी. हिरडीला लागू नये म्हणून आधी रबराचा पडदा ताणतो— हात का वर केलात? दुखतंय? अजून लावलंच नाही काही! काय? दार? दाराकडे काय दाखवताय? तिला? तिला विचारायचं? तिला कशाला विचारायचं, दात तुमचा आहे!

दात तुमचा आहे ना साहेब? की तोही वाचनालयाचा?

माफ करा. आवाज चढला माझा. बाहेर ऐकू गेला का? नसेल. बसा, बसा, उठू नका. नळी बाजूला ठेवलीये, ही बघा, टोपण लावलं.

परवाचं सांगतो तुम्हाला. मी हिला न्यायला वाचनालयात आलो होतो, थोडा लवकरच. मुद्दाम नाही, घरी काही करायला नव्हतं. जिना चढलो, तुमच्या खोलीच्या दाराला काच आहे ना, त्या काचेपाशी थांबलो. तुम्ही कुठल्या तरी कजाग सासूचं वाचत होतात, बारीक आवाज काढून. तुम्ही! तो घंटेसारखा आवाज असा चिमणीएवढा केला होतात. आणि ही हसत होती. हात मांडीवर. दोन्ही हात मांडीवर होते हो. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी, सगळे दात उघडे. असं हसताना मी— मला वाटलं, दुसरीच कोणी बाई आहे, हिचं लुगडं नेसलेली. मी डाग शोधले. सवय. एकही दिसला नाही. दिसणार कसा? हसणाऱ्या माणसाचे दात ओले असतात, भोकांत पाणी असतं, हवा नसते. हिच्यासारखे सौम्य डाग ओल्या दातावर, त्या अंतरावरून, दिसतच नाहीत. हे मीच लिहिलंय, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात— दात कोरडा केल्याशिवाय डाग वाचता येत नाही. मी नेहमी कोरडे करूनच बघितले. मग मी दार ढकललं. तिनं मला बघितलं, आणि हात—

वर गेला. असा. तोंडावर.

तुम्ही लगेच पुस्तकात बघितलंत. मला वाटलं, चोर सापडला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच, की मला बघून झाकायचं आहे म्हणजे काहीतरी आहे झाकण्यासारखं. म्हणून तर बोलावलं तुम्हाला, सफाई कसली. तुम्हाला या खुर्चीत आडवं करावं, वर दिवा लावावा, मग बघू कसं लपवता— आहे का काही? मान हलवू नका. नाही, हलवा. आता हलवा. खरं सांगा. तुमच्यात आणि तिच्यात—

नाही.

मग हात कशाला वर गेला? तुमच्यासमोर खाली होता. त्या सगळ्या लोकांसमोर खाली होता. मी आत आलो म्हणून फक्त— म्हणजे मी—

कड काढतो तोंडातली. जबडा दुखला असेल. नको, बोलू नका, अजून वार्निश लावायचंय. हे पिवळट दिसेल, घाबरू नका, उद्या जाईल. खालची डावी बाजू तेवढी— झालं. आज कडक काही खायचं नाही, गरम प्यायचं नाही, रात्री घासू नका, सकाळी घासा. तांदूळ राहू दे. काही त्रास नाही त्याचा. बघा, मी "बहुतेक" म्हटलं नाही.

उठा हळू. चक्कर येते एकदम उठलं की. तो दिवा मी बंद करतो, डोळ्यांवर येतोय. काय म्हणता? नाही, मला काही सांगू नका. खरंच नको. तुम्ही एक करा. ती बाहेर बसलीये. मी इथे हत्यारं धुतोय, तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. तुम्ही बाहेर जा आणि तिला काहीतरी सांगा. माझंच सांगा. म्हातारा ठार वेडा आहे म्हणा, माझ्या दाढेवरून त्यानं तुमची डबी पकडली म्हणा, त्या सासूच्या आवाजात म्हणा हवं तर. हसवा तिला. मी वळणार नाही. दार लावू नका, उघडंच राहू द्या. आणि एकदाच हं रेडिओसाहेब, तिथं बसकण मारायची नाही, उभ्या उभ्या. मग मी नेतो तिला घरी.

जा. नळ मी बारीकच सोडतो.